बायबलमधल्या उत्पत्तिकथांवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर काळ कुठला धरावा?

खापरीलेख

एका दिवाळी अंकाला दीर्घकथा द्यायचं कबूल करून बसलोय. विषय माझ्याच डोक्यातला: उत्पत्तीच्या पुस्तकातल्या गोष्टी. नोहा, बाबेलचा बुरूज, अब्राहाम, त्याची बायको सारा आणि तिची दासी हागार. पण ढंग पौराणिक नको, ऐतिहासिक हवा. म्हणजे देव आपल्याशी बोलला असं पात्राला खुशाल वाटावं, पण लेखकाने देवाला संवाद द्यायचे नाहीत. आणि भाकरी कसली, दिव्यात तेल कसलं, चांदी मोजून देतात की तोलून, हे त्या काळाशी जुळलं पाहिजे.

गोची इथेच होते. त्या काळाशी म्हणजे नेमक्या कुठल्या?

अब्राहामाला इ.स.पू. १८००च्या आगेमागे बसवायची जुनी पद्धत आहे. पण खुद्द उत्पत्तीतला मजकूर तिथे बसायला तयार नाही. तो निघतो 'खास्द्यांच्या ऊर'मधून, आणि खास्दी (म्हणजे खाल्डियन) लोक लेखी पुराव्यात दिसू लागतात इ.स.पू. नवव्या शतकात. तो पलिष्ट्यांच्या देशात राहतो, आणि पलिष्टी कनानच्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या) किनाऱ्यावर उतरले बाराव्या शतकात. त्याचा नोकर त्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी बघायला जातो तो दहा उंट घेऊन. इस्राएल-जॉर्डनच्या सीमेवरच्या अराबा खोऱ्यातल्या तांब्याच्या खाणींपाशी जी हाडं सापडली त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ओझ्याचे उंट त्या भागात आले दहाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे हजारेक वर्षांचा घोळ. हे सगळं दुरुस्त करत बसलो तर शेवटी हातात राहतो अब्राहाम नावाचा कुणीतरी मेंढपाळ, आणि तोही माझ्याच पदरचा.

म्हणून माझं मत असं झालंय की गोष्टीचा काळ सोडावा आणि गोष्ट सांगणाऱ्यांचा काळ धरावा.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलचा (म्हणजे बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहुदा राज्याची राजधानी यरुशलेम पाडली. तिथला राजा यहोयाखीन याला तर त्याआधीच, ५९७ मध्ये, बाबेलला नेलं होतं. बाबेलच्या राजवाड्यात शिध्याच्या नोंदींच्या मातीच्या पाट्या सापडल्यात. त्यांत 'यहुदाचा राजा' आणि त्याचे पाच मुलगे यांना किती तेल दिलं ते लिहिलंय. राजा कोठीघराच्या हिशोबात! पकडून नेलेल्या बाकीच्या लोकांची वस्ती निप्पूरच्या बाजूला कालव्यांवर. त्यातल्या एका गावाचं नावच 'अल-याहुदू', यहुदानगर म्हणा. तिथल्या पाट्या इ.स.पू. ५७२ ते ४७७ अशा शतकभराच्या आहेत. जव, खजूर, शेतसारा, कर्ज, लग्नं, वाटण्या. एका पाटीवर तर कीलाक्षरांबरोबर हिब्रू अक्षरांत नाव खरवडलेलं आहे.

आता हे पाहा. यहेज्केल संदेष्टा त्याच भागात खबार कालव्याकाठी राहत होता, आणि त्याच्या पुस्तकात नोहाही येतो, अब्राहामही. बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस (इ.स.पू. ५५६ ते ५३९) चंद्रदेवाचा भक्त. त्याने दोन गावांच्या देवळांवर जीव लावला, ऊर आणि हारान. मुलीला ऊरला पुजारीण केलं, आणि आई हारानकडची. अब्राहामाचा प्रवास कुठून कुठे? ऊरहून हारानला, आणि तिथून कनानला. निर्वासितांच्या पोरांना ही दोन नावं रोज कानावर पडत असणार. 'आपला मूळपुरुषही इथूनच उठून तिकडे गेला होता' ही गोष्ट त्या वस्तीत किती गरजेची होती, याचा विचार करा.

तेव्हा कादंबरी अशी: कालव्याकाठचं एक बिऱ्हाड, यरुशलेम डोळ्यांनी पाहिलेली आजी, आणि बाबेलात जन्मलेला, वीटभट्टीवर राबणारा नातू. गोष्टी ती सांगते. तो त्या मोडतो, जोडतो.

मंडळी, फाडा.

वाचनमात्र

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

उंटावरचा_शहाणा

उंटांचा विषय निघाला म्हणजे आम्हाला हजेरी लावणं भाग आहे. :)

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. 'सांगणाऱ्याची गोष्ट' ही युक्ती हुशार आहे आणि थंडही. वाचकाला हागार हवी असते हो. आजी हागारबद्दल बोलते हे नको, हागार तहानेने पोराला झुडुपाखाली टाकून लांब जाऊन बसते ते हवं.

आणि काळ जुळत नाही म्हणता तर उंट काढा, गाढवं घाला. इ.स.पू. एकोणिसाव्या शतकात अश्शूरहून अनातोलियातल्या कनेशला कथील आणि कापड नेणारे तांडे गाढवांचेच होते. त्यांचा पत्रव्यवहार तिथे हजारो पाट्यांवर पडलाय. कोण कुणाच्या पैशांना टांग मारतंय, कुणाची बायको नवऱ्याला खरमरीत लिहितेय, सगळं. त्यात लाकिपुम नावाच्या व्यापाऱ्याचा हाताला या बाईशी झालेला लग्नाचा करार आहे. अट काय? दोन वर्षांत मूल झालं नाही तर बायको स्वतः एक दासी विकत आणील, आणि मूल झालं की त्या दासीला हवं तिथे विकायची मुभा.

आता बाबेलचा राजा हमुराबी याचा कायदा, कलम १४६. पुजारीण बायकोने नवऱ्याला दासी दिली, दासीला मूल झालं आणि ती मालकिणीच्या बरोबरीला येऊ लागली, तर मालकिणीने तिला विकायचं नाही. दासीपणाची खूण करून पुन्हा दासींत ढकलायचं.

हे दोन मजकूर शेजारी ठेवून उत्पत्तीचा १६वा अध्याय वाचा. सारा दासी देते, दासी गरोदर राहते, मालकीण तिच्या नजरेतून उतरते, मालकीण छळते, दासी पळते. कादंबरी तयार आहे तुमची! एका घरात कायदा हागारला विकू देत नाही, दुसऱ्या घरात करार म्हणतो खुशाल विका. ती या दोहोंच्या मध्ये उभी आहे, आणि तिला यातलं काहीच वाचता येत नाही. यात देवाचा संवाद कुठे लागतो?

मातीपरीक्षक

नोहापुरतं बोलतो, बाकी माझा प्रांत नाही.

कृपा करून 'पुराव्याने सिद्ध झालेला महापूर' कथेत घालू नका. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला १९२९च्या सुमारास ऊरला खणताना गाळाचा जाड थर लागला आणि पेपरांतून नोहाचा पूर सापडल्याचा गाजावाजा झाला. पण आसपासच्या प्रत्येक टेकाडात तो थर येत नाही. शुरुप्पाक या जुन्या सुमेरी शहरातला थर वेगळा, इ.स.पू. २९००च्या आगेमागचा. ऊरचा त्याहून बराच जुना. म्हणजे वेगवेगळ्या काळातले वेगवेगळे पूर. तैग्रिस-फरातच्या सपाट मुलखात नदी पात्र बदलते, बांध फुटतो आणि क्षितिजापर्यंत पाणी दिसतं. त्या गावापुरतं जग बुडालेलंच असतं. कथेला तेवढं पुरे. काळ्या समुद्रात एकदम पाणी घुसलं आणि त्यातूनच पुराची गोष्ट आली, हा १९९७चा सिद्धान्त कुणीतरी आणणारच, म्हणून आधीच सांगतो: त्यावर भूशास्त्रज्ञांतच एकमत नाही.

नोहाची बोट मात्र लेखकाला मेजवानी आहे. ब्रिटिश म्युझियमच्या अर्व्हिंग फिंकल यांनी २०१४ मध्ये एका बाबेली पाटीचं वाचन प्रसिद्ध केलं. त्यातली नौका गोल आहे! हंपीला तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होड्या फिरतात ना, तीच जात. फक्त तळाचं क्षेत्रफळ ३,६०० चौरस मीटर. ताडाच्या दोराची वेटोळी, आतून लाकडी फासळ्या, वरून डांबर. दोर किती, डांबर किती, हिशोब दिलाय. लहान आकारात ती खरोखर बांधून पाहिली, तीही केरळात. पाण्यावर तरंगली, पण आत पाणी झिरपत राहिलं.

आणि उत्पत्तीत? ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. चौकोनी पेटीच.

चिंतोपंत

शतपथ ब्राह्मणात मनू आणि मासा आहे. मासा मनूला आगाऊ सांगतो, मनू नाव बांधतो, ती उत्तरेच्या पर्वताला लावतो. सगळं इथूनच तिकडे गेलंय, पण मान्य कोण करणार?

मातीपरीक्षक

चिंतोपंत, पुराची सुमेरी गोष्ट आणि अत्राहासिस या बाबेली काव्याच्या पाट्या इ.स.पू. सतराव्या शतकाच्या आसपासच्या आहेत, मातीवर लिहिलेल्या, हातात धरता येतात. शतपथ त्यानंतरचं. कुठून कुठे गेलं यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथे नको.

वसईकर

धागाकर्त्यांना एक प्रश्न, रागाने नाही.

आम्ही या गोष्टी लहानपणापासून उपासनेत ऐकतो. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो ते वाचन पुनरुत्थानाच्या रात्री असतं, मेणबत्त्यांच्या उजेडात. तुम्ही म्हणता देवाला संवाद द्यायचे नाहीत. ठीक. पण देव काढला की अब्राहामाचं काय उरतं? पोराच्या गळ्याशी सुरी नेणारा एक म्हातारा. ते नुसतं वेड ठरतं. मग वाचक अब्राहामाकडे पाहील की पोलिसाला फोन लावील?

दुसरं, 'निर्वासितांना गरज होती म्हणून गोष्ट रचली' हा सूर मला खटकतो. गरज असली म्हणजे गोष्ट खोटी, असं थोडंच?

खापरीलेख

वसईकर दादा, दुसऱ्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत. 'रचली' असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि कथेतही म्हणणार नाही. आजीला ती गोष्ट तिच्या आजीकडून आली आहे.

पहिल्याचं उत्तर थोडं लांब आहे. देव काढायचा नाहीये. तो आजीच्या तोंडी आहे, तिच्या श्वासात आहे. फक्त 'मग परमेश्वर म्हणाला' हे वाक्य निवेदकाचं नसून तिचं असेल. सुरीचा प्रसंग ती नातवाला सांगते तेव्हा तिचा स्वतःचा मुलगा वेढ्यात मेलेला आहे. तिचा देव ऐनवेळी मेंढा पाठवतो. तिच्या मुलासाठी पाठवला नाही. हे ती एकदाही बोलत नाही. अब्राहामाचा काळ धरला तर हे कुठून आणणार होतो मी?

उंटावरचे शहाणे, तुमची हागार जबरदस्त आहे. ती तुम्हीच लिहा. खरंच सांगतोय.

जुनीपोथी

एक आक्षेप. सगळं बाबेलात ढकलू नका. होशेय संदेष्टा इ.स.पू. आठव्या शतकातला, म्हणजे हद्दपारीच्या दीडएकशे वर्षं आधीचा. त्याच्या १२व्या अध्यायात याकोबाची गोष्ट येते: आईच्या पोटात भावाची टाच धरली, देवदूताशी झुंजला, बायकोसाठी मेंढरं राखली. ऐकणाऱ्यांना ती पाठ आहे असं धरूनच तो बोलतो. तेव्हा याकोब (अब्राहामाचा नातू) जुना, उत्तरेच्या इस्राएल राज्यातला. अब्राहाम दक्षिणेच्या यहुदातला. पहिले अकरा अध्याय, जगाची निर्मिती, पूर, बुरूज, यांवर बाबेलची सावली सगळ्यात दाट. एकाच आजीच्या तोंडी सगळं घातलंत तर पोथीतले थर दिसणार नाहीत. निदान दोन सांगणारे घ्या. उत्तरेकडची एखादी विहीण आणा, जिचा याकोब या आजीला पसंत नाही.

याकोबाची बायको राहेल बापाच्या घरचे देव चोरून उंटाच्या खोगिरात दडवते, वर बसून राहते आणि बापाला म्हणते 'मला उठता येत नाही, माझा विटाळ आहे'. हा प्रसंग विहिणीच्या तोंडी काय रंगेल! ती तो हसत सांगणार आणि आजी तोंड फिरवणार.

वाचनमात्र

विहीण +१. आता वाचनमात्र राहवेना.

अश्दोदची_मावशी

शालोम मंडळी. आम्ही मूळचे पनवेलकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आता इकडे इस्राएलात. धागा लेकीने दाखवला.

तुम्ही नवीन काही करताय असं समजू नका हं! आमच्या रब्बींनी हे कधीच करून ठेवलंय. अब्राहामाच्या बापाचं मूर्तींचं दुकान होतं, पोराने एक सोडून सगळ्या मूर्ती फोडल्या आणि काठी मोठ्या मूर्तीच्या हातात दिली, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा यहुदी माणूस मिळणार नाही. ती तोरात, म्हणजे मूळ पोथीत, नाहीच! मिद्राशातली, म्हणजे रब्बींनी पोथीवर सांगितलेल्या गोष्टींतली आहे. हागार ही फारोची मुलगी होती असंही मिद्राशात सांगतात. पोथीत जिथे भोक दिसलं तिथे कुणीतरी गोष्ट भरलेली आहे.

आणि हागारची हकालपट्टी आमच्याकडे रोश हशानाच्या पहिल्या दिवशी वाचतात, ज्याला आमच्या आज्या 'नव्याचा सण' म्हणायच्या. वर्षाच्या पहिल्याच दिवशी सभास्थानात उभं राहून काय ऐकायचं? आपल्या मूळपुरुषाने एका बाईला भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन पोरासकट रानात घालवलं. मला हे नेहमीच धाडसाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी सुरीचा प्रसंग.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आमची माणसं या आख्यानांवर मराठीत कीर्तनं करायची. साक्या, दिंड्या, सगळं. अब्राहामाला कीर्तनात उभं करायचं म्हणजे तुमच्या कादंबरीहून अवघड काम, कारण समोर बसलेल्याला गोष्ट पाठ. त्यांच्याकडून एक घ्या: कीर्तनकार पात्राच्या तोंडून बोलता बोलता मध्येच थांबून श्रोत्याशी बोलतो. तुमच्या आजीला ते शोभेल.

साष्टीकर

मावशींच्या निमित्ताने आमचं घोडं पुढे दामटतो. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचा पहिला भाग, पैलें पुराण, म्हणजे जुना करारच की. जगाची उत्पत्ती, आदाम-एवा, नोहा, ओवीबद्ध मराठीत, १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेला, तेही रोमन लिपीत. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट इथल्या श्रोत्यासाठी स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. त्याचं घर, झाडं, जेवणं सगळं साष्टीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं.

म्हणजे धागाकर्त्यांच्या उलट. त्याने सांगणाऱ्याचा काळ धरला नाही, ऐकणाऱ्याचा धरला.

उंटावरचा_शहाणा

साष्टीकर, हा प्रतिसाद वेगळ्या लेखाचा ऐवज आहे. काढा धागा.

खापरीलेख, टोलवाटोलवी पुरे. नमुना टाका. एखादा परिच्छेद तरी.

खापरीलेख

कच्चा आहे. बुरुजाची गोष्ट जिथून सुरू होते ती जागा:

*पोरगा संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत डांबर होतं. आजीने तिळाचं तेल चिंधीवर घेतलं आणि त्याचा हात मांडीवर ओढला.*

*'आज किती?'*

*'मोजत नाही आम्ही. मुकादम मोजतो.'*

*ती चोळत राहिली. डांबर सुटत नव्हतं, नुसतं पसरत होतं. 'आमच्याकडे घर बांधायचं तर दगड,' ती म्हणाली. 'तुझ्या आजोबाने उंबऱ्याचा दगड स्वतः घडवला होता. सहा माणसं लागली आणायला.'*

*'इथे दगड कुठंय?'*

*'म्हणून तर. दगडाच्या जागी वीट, चुन्याच्या जागी हे.' तिने चिंधी दाखवली. 'याने आभाळाला पोचणार म्हणे.'*

*पोराला हसू आलं. प्रत्येक विटेवर राजाच्या नावाचा शिक्का त्याने स्वतः मारला होता, ओल्या मातीत, दुपारभर. ती अक्षरं काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. बाजूच्या घमेल्यावर एलामचा माणूस होता, भट्टीवर दोघे अरामी, आणि मुकादम कुठल्या भाषेत शिव्या देतो हे अजून कुणालाच कळलं नव्हतं.*

*'आजी,' तो म्हणाला, 'तिथे कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही. तरी चढतोय तो बुरूज.'*

*तिचा हात थांबला.*

'दगडाच्या जागी वीट, चुन्याच्या जागी डांबर' हे उत्पत्तीच्या ११व्या अध्यायातलं आहे. बाबेलच्या माणसाला हे सांगायची गरजच नाही. डोंगरातून आलेल्यालाच ते नवल वाटतं. एतेमेनांकी, म्हणजे बाबेलचा तो थरांचा बुरूज, पायाशी एका बाजूला सुमारे ९१ मीटर होता आणि नबुखद्नेस्सराच्या काळात त्याचं काम चालू होतं. राबायला देशोदेशीची माणसं.

वसईकर

शेवटून दुसरं वाक्य वाचून थांबलो. पोरगा आजीची गोष्ट उलटी करतो. पोथीत भाषा फुटली म्हणून बुरूज थांबला.

आवडलं. पटलं असं म्हणत नाही. आजीला उत्तर द्यायला लावा, गप्प बसवू नका. तिची श्रद्धा पोराच्या एका टोल्याने गार होण्याइतकी कच्ची नसणार.

जुनीपोथी

वसईकरांशी सहमत. शिवाय अल-याहुदूच्या पाट्यांबद्दल एक नोंद हवी: त्या शास्त्रीय उत्खननातून आलेल्या नाहीत, जुन्या वस्तूंच्या बाजारातून आल्यात. गावाची नेमकी जागा त्यामुळे नकाशावर ठेवता येत नाही. मजकूर अस्सल आहे याबद्दल अभ्यासकांना शंका नाही, पण प्रस्तावनेत हे लिहा. आणि त्या गावाहून बाबेल बरंच लांब. पोरगा रोज संध्याकाळी घरी कसा येतो?

खापरीलेख

रोज नाही येणार. हंगामी वेठ करायची झाली, महिनाभराने घरी. डांबर तेवढ्यात वाळून जाईल, म्हणजे तेल चोळायचा प्रसंग नावेतून परतल्या दिवशीचा करावा लागेल, की बिऱ्हाडच बाबेलच्या वेशीबाहेर हलवू? यहोयाखीनच्या शिध्याच्या यादीत इतर परदेशी कारागीरही आहेत. तेव्हा राजवाड्याच्या आसऱ्याने राहणारं यहुदी कुटुंब अशक्य नाही. पण मग कालवा जातो, जव जातो, सावकार जातो.

अश्दोदची_मावशी

बिऱ्हाड हलवू नको रे बाबा. कालवा राहू दे. पोराला बाबेलला ठेव आणि आजीला त्याची वाट बघू दे. महिनाभराने आल्यावर पोरगा आजीशी आधी कुठल्या भाषेत बोलतो ते लिही.

उंटावरचा_शहाणा

मावशी _/\_

खापरीलेख, नावेला मात्र गोल टोपली घ्या. मातीपरीक्षक डांबराचा हिशोब देतील.

मातीपरीक्षक

देतो. पण ती टोपली धारेबरोबर खाली जाते, वर चढत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय की माल उतरवला की बाबेलात सांगाडा विकून टाकायचे आणि कातडी गाढवावर लादून चालत परतायचे. निप्पूर बाबेलच्या खालच्या अंगाला आहे, तेव्हा पोरगा घरी येताना टोपलीतून येईल. जाताना पायी.